घारापुरीचा हत्ती आणि सव्वादोन वर्षांची ओवी

निघायच्या आठ दिवस आधी मी वहीत अकरा ठिकाणं लिहून काढली होती. आईने ती यादी वाचली, माझ्या हातातलं पेन घेतलं आणि सात नावांवर काट मारली. "सव्वादोन वर्षांचं लेकरू आहे बरोबर. सकाळी एक जागा, दुपारी झोप, संध्याकाळी जमलं तर मोकळी हवा. याच्या पलीकडे काही नाही." जानेवारीतले मुंबईचे पाच दिवस आम्ही याच हिशेबाने काढले. आम्ही म्हणजे मी, नवरा, माझी आई आणि ओवी.

वारांचा मेळ मात्र आधीच घालावा लागला. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात आणि राणीची बाग बुधवारी. लहान मुलाला घेऊन बंद दारापर्यंत जाणं म्हणजे अख्खी सकाळ वाया, कारण ते मूल तिथून पुढे दुसरीकडे कुठे यायला तयार नसतं. म्हणून मंगळवार राणीच्या बागेला आणि गुरुवार घारापुरीला देऊन टाकला, बाकीचं त्याभोवती बसवलं. सामानात दोन गोष्टी ठरवून घेतल्या होत्या. एक म्हणजे घडी होणारी हलकी बाबागाडी, दुसरी मूल पाठीला बांधायची कापडी झोळी. सपाट जागी बाबागाडी आणि जिन्या-पायऱ्यांना झोळी. दोन्हींपैकी एकच घेतली असती तर पाच दिवसांतले दोन दिवस फसले असते.

पहिला दिवस, सोमवार

रात्रीच्या प्रवासानंतर गाडी सकाळी सातच्या सुमाराला सीएसएमटीला लागली. राहण्याची जागा फोर्टात होती, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. फोनवर "सकाळी या, खोली मिळेल" असं सांगितलं होतं. पोचल्यावर मात्र "बाराशिवाय नाही" असं उत्तर मिळालं. मला खरोखर राग आला. मोठ्या माणसाने पाच तास कसेही काढले असते, पण रात्रभर गाडीत उठत-झोपत आलेल्या मुलाला अंघोळ आणि अंथरूण लागतं, आणि ते आम्ही दोनदा विचारून घेतलं होतं. शेवटी सामान तिथेच ठेवलं, प्रतीक्षालयात ओवीचं तोंड धुतलं, कपडे बदलले, दूध-बिस्किटं दिली आणि स्टेशनच पाहायला निघालो.

या स्टेशनात मी याआधी कितीतरी वेळा उतरले आहे. थांबून कधी पाहिलं नव्हतं. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी या इमारतीचा आराखडा केला, १८७८ साली काम सुरू झालं आणि पुरं व्हायला दहा वर्षं लागली. २००४ साली युनेस्कोने ती जागतिक वारसा यादीत घेतली. हे सगळं मला वाचून माहीत होतं. ओवीला दिसलं ते फाटकाच्या खांबांवर बसलेलं दगडी जनावर. एका बाजूला सिंह आहे, दुसऱ्या बाजूला वाघ. सिंह इंग्लंडचा आणि वाघ हिंदुस्थानचा, असा त्याचा अर्थ. ओवीने दोघांनाही "मोठी माऊ" म्हटलं आणि आम्हाला चार वेळा सिंहाकडून वाघाकडे आणि वाघाकडून सिंहाकडे चालायला लावलं. चौथ्या फेरीला भिंतीवरची नक्षी मला पहिल्यांदा नीट दिसली. पानं, मोर, माकडं, विचित्र तोंडांचे प्राणी. मुंबईच्या कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांच्या हातचं हे काम. एका फेरीत ते दिसलं नसतं.

समोर आझाद मैदान होतं, तिथे तिला सोडलं. सकाळच्या वेळी क्रिकेट खेळणाऱ्या मुलांपासून लांब, कडेच्या गवतावर ती अर्धा तास नुसती पळत होती. रात्रभर डब्यात अडकून पडलेले पाय मोकळे झाले आणि साडेअकराला ती आईच्या मांडीवर आपोआप आडवी झाली. बाराला खोली मिळाली. अंघोळ, वरणभात आणि तीन तास झोप. आम्हीही झोपलो, त्याची मला अजिबात खंत नाही.

संध्याकाळी मरीन ड्राइव्ह. साडेतीन किलोमीटरहून थोडा जास्त असा हा अर्धगोल किनारा, मागे १९३०-४०च्या सुमाराच्या गोलाकार सज्जांच्या इमारती. त्याही २०१८ पासून जागतिक वारशात आहेत. कठड्यावर सगळे समुद्राकडे पाय सोडून बसतात. मुलाला घेऊन तसं बसू नये, असं मला तिथे उभं राहिल्याबरोबर वाटलं. कठडा रुंद आहे, पण पलीकडे ते चार पायांचे सिमेंटचे ठोकळे एकमेकांत रचलेले आहेत आणि त्यांच्या मधल्या फटी खोल आहेत. आम्ही पदपथावरच राहिलो आणि तिथून टॅक्सीने गिरगाव चौपाटीला गेलो. वाळूत ओवीच्या हातात जेवणाचा चमचा दिला. अंधार पडेपर्यंत तिने एक खड्डा खणला, बुजवला, परत खणला. समुद्राकडे तिची पाठ होती. आई मात्र पूर्ण वेळ पाण्याकडे तोंड करून बसली होती. दोघींनाही जे हवं होतं ते मिळालं.

दुसरा दिवस, मंगळवार

राणीच्या बागेला लोकलने जायचं ठरवलं. मुंबईच्या लोकलमध्ये लहान मूल म्हटलं की लोक घाबरवतात. त्यातलं खरं एवढंच की वेळ आणि दिशा पाहावी लागते. सकाळी शहराकडे येणाऱ्या गाड्या भरून येतात, पण सीएसएमटीहून सुटणाऱ्या गाड्यांत त्याच वेळी बसायला जागा असते. आम्ही उलट्या दिशेला चाललो होतो. आई, मी आणि ओवी बायकांच्या डब्यात, नवरा पुढच्या डब्यात. मशीद, सँडहर्स्ट रोड आणि तिसरं स्टेशन भायखळा. खिडकीशी बसलेल्या बाईंनी काही न विचारता जागा सोडली आणि "बस गं बाळा" म्हणाल्या. ओवी खिडकीच्या गजांना धरून तीनही स्टेशनं उभीच होती. उतरायच्या आधीच्या स्टेशनला बाबागाडी घडी करून दाराशी ठेवली, हे बरं झालं. गाडी फार थोडा वेळ थांबते.

बाग उघडायच्या वेळेला आम्ही दारात होतो. वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान हे नाव पाटीवर, तोंडात अजून राणीची बागच. १८६२ची ही बाग. शाळेच्या सहलींच्या रांगा दहानंतर येऊ लागल्या, तोवरचा वेळ शांत होता. रस्ते रुंद आणि सपाट, बाबागाडीला सोयीचे. माझ्या मते या बागेत प्राण्यांइतकंच झाडांसाठी यावं. गोरखचिंचेचं खोड आईने हात पसरून मापायचा प्रयत्न केला. आई, मी आणि नवरा तिघं हात धरून उभे राहिलो तरी ते खोड आमच्या हातांत मावलं नाही. ओवीला हा खेळ इतका आवडला की पुढच्या प्रत्येक झाडाला मिठी मारणं सुरू झालं.

पेंग्विन बघायला गर्दी होतेच. हे हम्बोल्ट पेंग्विन दक्षिण अमेरिकेच्या पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे. २०१६ साली ते इथे आले आणि २०१७च्या मार्चपासून लोकांना बघता येतात. बर्फात राहणारे हे पेंग्विन नव्हेत, थंड सागरी प्रवाहाच्या आधाराने जगणारे आहेत, तरी मुंबईच्या उकाड्यात त्यांच्यासाठी दालन गार ठेवावं लागतं. आत शिरताना ओवीला स्वेटर घातला. काचेपुढे मोठी माणसं मान उंचावून दगडांवर उभे असलेले पेंग्विन बघत होती. ओवीचं डोकं मात्र बरोबर पाण्याच्या उंचीला होतं. एक पेंग्विन पाण्याखालून तिच्या नाकासमोरून सरकन गेला. ती किंचाळली, "काऊ! काऊ पोहला!" मी खाली बसून तिच्या उंचीवरून पाहिलं. पाण्यातला पेंग्विन खरोखर उडणाऱ्या पक्ष्यासारखा दिसतो, पंख मारत जातो. उभ्याने ते कळत नाही.

पाणघोडा झोपलेला होता. वाघ लांब सावलीत होता आणि ओवीने त्याच्याकडे फारसं पाहिलं नाही. पक्ष्यांच्या मोठ्या दालनात मात्र, जिथे आपण आत चालतो आणि पक्षी डोक्यावरून उडतात, ती बराच वेळ मान वर करून गप्प उभी राहिली. साडेअकरा झाले, डोळे चोळणं सुरू झालं, आणि आम्ही बाहेर पडायला निघालो.

तेव्हा तो हत्ती दिसला. बागेला लागून डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, त्याच्या शेजारी काळ्या दगडाचा एक मोठा हत्ती उभा आहे. रंग नाही, सोंडेची टोकं झिजलेली, अंगावर जोडांच्या रेषा. आम्ही त्याच्यासमोरून बाबागाडी ढकलत पुढे गेलो असतो, पण ओवीने दोन्ही पाय जमिनीला लावले. "हत्ती." मग उतरायचं. मग उभं राहून बघायचं. जिवंत प्राण्यांपुढे एक-दोन मिनिटं थांबलेली मुलगी या दगडापुढून पाव तास हलेना.

मला वाटतं त्यात नवल नाही. वाघ झोपतो, उठतो, आत निघून जातो, आणि मुलाचं बोट दाखवून होईपर्यंत दिसेनासा होतो. हा हत्ती तिथेच होता. तिने त्याचे पाय मोजले, शेपूट शोधली, कान शोधले, परत पाय मोजले. तो तिच्यासाठी थांबला.

आणि या हत्तीची गोष्ट तर मोठीच आहे. तो मुळात इथला नाही, घारापुरी बेटावरचा. पोर्तुगीज बेटावर उतरले तेव्हा हाच हत्ती त्यांना दिसला आणि त्यावरून त्यांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं. १८६४ साली इंग्रजांनी तो उचलून इंग्लंडला न्यायचा घाट घातला. उचलताना तो पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे या बागेत आले आणि १९१४ साली जोडून हत्ती परत उभा केला. अंगावरच्या रेषा त्याच. आईने ओवीला मांडीवर घेऊन तिला कळेल एवढीच गोष्ट सांगितली, "हत्ती आधी बेटावर राहायचा. चहूबाजूंनी पाणी. मग हत्ती पडला. बाऊ झाला. मग इथे आणला, आणि बरा झाला." ओवीने "बाऊ" शब्द पकडला आणि परतीच्या गाडीत शेजारच्या प्रत्येक बाईला सांगितलं, "हत्ती बाऊ."

संध्याकाळी कुठेच गेलो नाही. खोलीच्या खालच्या गल्लीत चहा घेतला, केळी आणली, ओवीचे कपडे धुतले.

तिसरा दिवस, बुधवार

सकाळी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. लहान मुलाला संग्रहालयात नेऊ नये म्हणतात, मला ते पटत नाही. तीन गोष्टी पाळाव्यात. उघडल्या उघडल्या जावं, पोट भरलेलं असावं, आणि सगळं बघायचा विचार मनातून काढून टाकावा. १९०५ साली या इमारतीचा पाया घातला गेला. ती उभी राहिली तोवर पहिलं महायुद्ध आलं, तेव्हा इथे लष्करी रुग्णालय होतं. संग्रहालय म्हणून दारं उघडली ती १९२२च्या जानेवारीत. वरचा घुमट विजापूरच्या गोल घुमटाच्या धर्तीवर आहे. जॉर्ज विटेट यांची ही इमारत, ज्यांनी पुढे गेट वे ऑफ इंडिया केलं.

आम्ही तळमजल्यावरचं शिल्पांचं दालन आणि प्राणी-पक्ष्यांचं दालन, एवढंच पाहिलं. शिल्पांच्या दालनात ओवीने गणपती ओळखला. आधी हात जोडून "बाप्पा", मग सोंडेकडे बोट दाखवून "हत्ती", आणि मग दोन्ही एकदम: "हत्तीबाप्पा." पुढे जाऊन तिने विचारलं, "बाऊ?" गणपतीच्या मूर्तीचा एक हात तुटलेला होता. तिने तो कालच्या गोष्टीशी जोडला. सव्वादोन वर्षांच्या डोक्यात काल ऐकलेली गोष्ट आज दुसऱ्या दगडापाशी जागी होते, हे मला माहीत नव्हतं. घारापुरीहून आणलेली शिल्पंही याच संग्रहालयात आहेत, ती पाहताना उद्याच्या बेटाची ओळख आईला आणि मलाही झाली.

भुसा भरलेले प्राणी तिला आवडले नाहीत. काचेतल्या जनावराचे डोळे बघून ती नवऱ्याच्या खांद्यात तोंड खुपसून राहिली. आम्ही लगेच बाहेर आलो. हट्टाने पुढे नेलं असतं तर रात्री झोपेत दचकली असती. बागेत गवतावर दोघी आजी-नात बसल्या, मी आणि नवऱ्याने पाळी-पाळीने वर जाऊन लघुचित्रं पाहिली. ही पाळीची पद्धत आम्हाला चांगलीच मानवली. एकाने वीस मिनिटं मन लावून बघायचं, तेवढा वेळ दुसऱ्याने मूल बघायचं. चौघांनी मिळून दोन तास काहीच धड न बघण्यापेक्षा हे बरं.

दुपारची झोप झाल्यावर डबलडेकर. मुंबईत दुमजली बस १९३७ साली आली. जुन्या डिझेलच्या गाड्यांतली शेवटची २०२३च्या सप्टेंबरात थांबली, पण त्याच वर्षी फेब्रुवारीत विजेवरच्या वातानुकूलित दुमजली बस सुरू झाल्या होत्या. सीएसएमटी ते नरिमन पॉइंटचं एनसीपीए नाट्यगृह अशी जाणारी ११५ नंबरची बस आम्ही पहिल्याच थांब्यावरून धरली, म्हणजे वरची पुढची जागा मिळते. आई लहानपणी एकदा मुंबईला आली होती, तेव्हा तिच्या बाबांनी तिला जुन्या डबलडेकरच्या वर पुढे बसवलं होतं. "तेव्हा खिडकी उघडी असायची, वारा तोंडावर यायचा," ती म्हणाली. आता पुढे काच आहे. त्या काचेला दोन्ही तळवे लावून ओवी उभी राहिली, नवऱ्याने मागून तिची कंबर धरली. झाडांच्या फांद्या काचेवर आल्यासारख्या वाटायच्या आणि ती दर वेळी डोकं खाली घालायची. शेवटच्या थांब्याला उतरलो, समुद्राकडे दहा मिनिटं पाहिलं आणि त्याच बसने परत आलो. सगळ्या सहलीत सर्वांत कमी कष्टात सर्वांत जास्त आनंद या एका तासाने दिला. ज्यांना मुलाला घेऊन एकच गोष्ट करायला वेळ आहे, त्यांनी ही करावी.

परत येताना आईने पर्समधून एक जुना फोटो काढून ओवीला दाखवला. मलबार हिलच्या कमला नेहरू उद्यानातला म्हातारीचा बूट आणि त्याच्या खिडकीतून डोकावणारी फ्रॉकमधली मुलगी. "ही मी. शुक्रवारी तुला इथे बसवून तसाच फोटो काढू." मला हे ठाऊकच नव्हतं. यादीतल्या उरलेल्या चार नावांत हे नाव तिने का ठेवलं होतं ते तेव्हा कळलं.

चौथा दिवस, गुरुवार

गेट वे ऑफ इंडियाला साडेआठला पोचलो. सकाळच्या उन्हात त्या पिवळसर बसाल्टला मधासारखा रंग येतो. १९२४च्या डिसेंबरात ही कमान पुरी झाली आणि १९४८च्या फेब्रुवारीत शेवटची ब्रिटिश पलटण हिच्याखालूनच परत गेली. आम्ही पुढे जाऊन लाँचच्या रांगेत उभे राहिलो.

इथे एक गोष्ट सविस्तर सांगते. २०२४च्या डिसेंबरात याच पाण्यात प्रवासी बोटीचा मोठा अपघात झाला आणि माणसं गेली. त्यानंतर लाँचमध्ये प्रत्येकाला लाइफ जॅकेट घालायला लावतात. पण मोठ्या माणसाचं जॅकेट सव्वादोन वर्षांच्या मुलाला घातलं तर पाण्यात ते डोक्यावरून निघून वर येईल आणि मूल खाली जाईल. पहिल्या लाँचवर लहान मापाचं जॅकेट नव्हतं. "ताई, मांडीवर धरा, काही होत नाही," असं तिथला माणूस म्हणाला. आम्ही चढलो नाही. मागच्या रांगेतले लोक कुरकुरले, पण नवरा शांतपणे बाजूला उभा राहिला आणि पुढच्या लाँचवाल्याला आधी जॅकेट दाखवायला लावलं. त्यांच्याकडे होतं. पट्टे आवळून घातलं, पायांमधला पट्टाही लावला आणि मगच पाऊल टाकलं. अर्ध्या तासाचा उशीर झाला. कुणी लहान मुलाला घेऊन जात असेल तर हा अर्धा तास हातात ठेवूनच निघावं.

लाँचला बेटापर्यंत तासभर लागतो. नांगर टाकून उभी असलेली मोठी जहाजं, तेलाच्या टाक्यांचं जवाहर द्वीप, आणि लाँचमागे धावणारे कुरव पक्षी, ज्यांना सगळे सीगलच म्हणतात. ओवी इंजिनाच्या धडधडीने पहिली दहा मिनिटं मला घट्ट बिलगून होती. मग पक्षी दिसले आणि ती मोकळी झाली.

धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी झुकझुकगाडी आहे. तिथून वर साधारण १२० पायऱ्या, दोन्ही बाजूंना माळा-टोप्या-मूर्तींची दुकानं आणि डोक्यावर ताडपत्र्या, म्हणून ऊन लागत नाही. बाबागाडी खालीच एका दुकानदार मावशींकडे ठेवली, झोळी बाहेर काढली. पण ओवीला बांधून घ्यायचंच नव्हतं. तिला आजीबरोबर चढायचं होतं. आईचे गुडघे दुखतात, ती एका पायरीवर दोन्ही पाय ठेवून मग पुढची चढते. ओवीही तसंच चढते, तिचे पाय तेवढेच पुरतात. दोघींचा वेग बरोबर एक. "एक, दोन, पाच, दहा," ओवी मोजत होती आणि आई तिच्यामागून खरी गणती करत होती. डोलीवाले दोनदा विचारून गेले. वाटेत तीनदा बसून, पाणी पिऊन, पाऊण तासाने त्या दोघी वर पोचल्या. माकडं खूप आहेत आणि हातातलं खाणं ओढून नेतात, म्हणून केळी पिशवीच्या तळाशी ठेवली होती. लहान मुलाच्या हातात तिथे बिस्किटही देऊ नये.

मुख्य लेणं सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचं. १९८७ पासून जागतिक वारसा. समोरच्या दारापासून मागच्या भिंतीपर्यंत ३९ मीटर, आणि सगळं एका डोंगरात कोरलेलं. बाहेरच्या उन्हातून आत आलं की काही क्षण काही दिसत नाही, मग खांब दिसू लागतात, आणि मग मागच्या अंधारातून ती तीन तोंडांची सदाशिवाची मूर्ती हळूहळू पुढे येते. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि मला बोलवेना. मधलं तोंड इतकं शांत आहे की आजूबाजूचा गलकाही थोडा वेळ ऐकू येत नाही. आई कल्याणसुंदराच्या शिल्पापाशी थांबली, शिव-पार्वतीच्या लग्नाच्या. "बघ, तिने मान कशी खाली घातलीय," एवढंच म्हणाली आणि तिथेच उभी राहिली. मूर्तींचे पाय, हात बऱ्याच ठिकाणी फोडलेले आहेत. ते बघताना वाईट वाटतंच.

ओवी खांबांमागे लपत होती. ते खांब लपायला अगदी तिच्या मापाचे, जाड आणि जवळजवळ. दगडाची जमीन थंड, चप्पल काढलेली, हाक मारली की आवाज घुमतो. मग अचानक ती थांबली. "हत्ती कुठे?"

आईने तिला सकाळी लाँचमध्ये सांगितलं होतं की आपण हत्तीच्या घरी चाललोय. तिने ते लक्षात ठेवलं होतं. लेण्यातल्या प्रत्येक कोपऱ्यात जाऊन तिने पाहिलं. मी म्हटलं, "हत्ती बागेत राहायला गेला ना? आपण बघितला." ती विचार करत राहिली. "हत्ती घर नाही?" मला उत्तर सुचलं नाही. नवरा खाली बसून म्हणाला, "हे त्याचं जुनं घर. तो आता तिकडे असतो." तिने परत एकदा सगळीकडे पाहिलं आणि म्हणाली, "हत्ती सांगू."

उतरताना ती झोळीत झोपली. खाली मावशींनी बाबागाडी सावलीत सरकवून ठेवली होती. बोलता बोलता त्या म्हणाल्या की बेटावर समुद्राखालून वीज आली ती २०१८ साली, त्याआधी रात्री काही तासांपुरती जनरेटरची वीज असायची. आम्ही मुंबईच्या दिव्यांच्या माळेसमोर चौपाटीवर बसलो होतो, आणि तासाभराच्या अंतरावर हे गाव इतकी वर्षं अंधारात होतं. परतीच्या लाँचमध्ये, जॅकेट घातलेलंच ठेवून, ओवी पूर्ण तास माझ्या छातीवर झोपली. इंजिनाची तीच धडधड, सकाळी जिला ती घाबरली होती.

पाचवा दिवस, शुक्रवार

रात्रीची गाडी होती. सकाळ म्हातारीच्या बुटाला द्यायची ठरलेली. उठल्या उठल्या ओवी म्हणाली, "हत्ती सांगू." दूध पिताना म्हणाली. बूट घालताना म्हणाली. मी तिला समजावायला लागले की आज आपण आजीच्या बुटात बसायला जाणार, तिथे खिडकी आहे, झाडं कापून केलेले प्राणीही शेजारच्या बागेत आहेत. आईने मला थांबवलं.

"तिचं काहीतरी राहिलंय तिकडे. भायखळ्याला चल."

"आणि तुझा फोटो, आई?"

"साठ वर्षं थांबलाय. परत येऊ."

मी आईच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. ती मन मारून बोलत नव्हती. मुलाला घेऊन फिरताना रोज नवी जागा दाखवायची घाई मला होती. ओवीला मात्र ओळखीच्या जागी परत जायचं होतं, आणि आईने ते माझ्याआधी ओळखलं.

मशीद, सँडहर्स्ट रोड, भायखळा. या वेळी ओवीला रस्ता माहीत होता. फाटकातून ती बाबागाडीतून उतरून पुढे चालायला लागली. पेंग्विनची पाटी दाखवली, तिने पाहिलंही नाही. गोरखचिंचेला जाता जाता एक मिठी मारली. हत्तीसमोर पोचली आणि उभी राहिली, दोन्ही हात मागे बांधून, नवरा उभा राहतो तशी.

"हत्ती," ती म्हणाली. "बोट. पाणी. मोट्ठं पाणी." थोडं थांबली. "माकड. आजी एक दोन पाच." मग बराच वेळ काही नाही. मग अगदी हळू, "घर आहे."

नवऱ्याने घड्याळ पाहिलं. तिच्या झोपेला अजून अर्धा तास होता. आईने पदराने पायरी झटकली आणि आम्ही तिघंही तिथे बसलो.